गाठ किती घट्ट, किती दिवस?

जबलपूर शहरातून नागपूर रस्त्याने बाहेर पडू लागले, की गढा लागते. आज ते शहराचाच एक भाग झाले आहे. पण एके काळी ‘गढा-मंडला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोंड राज्याचे ते मोठे ठाणे होते. राणी दुर्गावतीचे हेच राज्य. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना तिने प्राण दिले. पुढे १७८१ मध्ये हा मुलूख मराठ्यांच्या सागरच्या कारभाराखाली गेला आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला. नर्मदाकाठच्या या भागाचे मराठीशी नाते असे जुने आहे.

टेकडीवरच्या खडकावर उभा असलेला मदनमहाल पाहायला येणारे प्रवासी गढ्याला येतातच. परंतु आसपासच्या जिल्ह्यांतून इथे येणारी बरीच माणसे महाल पाहायला येत नाहीत. ती येतात आजारी माणसाला घेऊन. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय याच भागात आहे. आदिवासी समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८४ साली सुरू केलेल्या संस्थेचा पत्ताही गढ्याचाच आहे. मंडला, दिंडोरीच्या जंगलपट्टीतला हिवताप आणि रक्तातला सिकलसेलचा दोष हे या संस्थेच्या अभ्यासाचे नेहमीचे विषय.

अशा रुग्णालयात रोज काय काय चाललेले असते? कुणाच्या जखमेला टाके पडतात, कुणाच्या भाजलेल्या अंगावर पट्टी बदलली जाते, कुणाच्या हृदयाची झडप बिघडलेली असते, कुणाला कवळीसाठी दातांचा साचा द्यायचा असतो. वरवर पाहता या साऱ्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या सगळ्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. निसर्गाने दिलेले नाजूक धागे घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये आडव्या गाठी मारून त्यांना मजबूत करायचे.

शिडीचे दोन बांबू

निसर्ग आपली बहुतेक बांधकामे लांबच लांब साखळ्यांनी करतो. एकाच प्रकारचे किंवा थोड्याफार फरकाचे छोटे रेणू मण्यांसारखे ओवत जायचे आणि त्यांची माळ करायची. कापसातला सेल्युलोज, बटाट्यातले पिष्ट, रेशीम, केस, कातडी, समुद्रातल्या शेवाळातला अल्जिनेट, कोळंबीच्या टरफलातला कायटिन या सर्व माळाच. सजीवांकडून मिळणाऱ्या म्हणून यांना नैसर्गिक किंवा जैव पॉलिमर म्हणतात.

नुसत्या माळांत एक उणीव असते. दोन बांबू शेजारी शेजारी उभे केले तर त्यांवर चढता येत नाही. जरा धक्का लागला की ते दोन बाजूंना जातात. त्यांच्यात आडव्या पायऱ्या ठोकल्या की शिडी होते आणि ती माणसाचे वजन पेलते. रेणूंच्या माळांमध्ये अशा पायऱ्या ठोकणे म्हणजे आडबंध घालणे. आडबंध पडले, की पाण्यात विरघळणारा पदार्थ नुसता फुगतो, पण विरघळत नाही. ताणला तर तुटत नाही. आणि शरीरातली पाचक द्रव्ये त्याला लवकर फस्त करू शकत नाहीत.

या विद्येचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रबराचे आहे. झाडाच्या चिकापासून केलेले कच्चे रबर उन्हात पाघळे आणि थंडीत कडक होऊन तडके. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने ते गंधकाबरोबर तापवले. गंधकाने रबराच्या माळांमध्ये आडबंध घातले आणि चाकाला लावता येईल असे टिकाऊ रबर जगाला मिळाले.

पण आपल्याकडे ही विद्या गुडइयरच्याही कितीतरी आधीपासून आहे. कोल्हापुरी चप्पल कशी तयार होते ते आठवावे. कच्चे कातडे तसेच ठेवले तर ते कुजते. तेच बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवले, की वर्षानुवर्षे टिकते. कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेन हे प्रथिन. सालीतले व हिरड्यातले तुरट द्रव्य कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवते. हिरडा चावला की तोंड आवळल्यासारखे होते, तेही याच तुरट द्रव्याने प्रथिनांना पकडल्यामुळे. ज्या कारागिरांना समाजाने गावाबाहेर ठेवले, त्यांच्या हातात रसायनशास्त्रातले हे एक मोठे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या होते.

तीन पदरी दोर

कोलॅजेन हे नाव या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहे. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के प्रथिन हेच असते. त्वचा, हाडे, स्नायुबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्याचे पारदर्शक पटल या सर्वांचा सांगाडा त्याचाच. आणि अभिमानाची गोष्ट अशी, की त्याची रचना उलगडली ती भारतात. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली कोलॅजेन म्हणजे तीन पदरांचा पीळ आहे, असे दाखवून दिले. क्ष-किरणांनी तपासण्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंधही वापरला होता. शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेशी त्यांच्या या कामाचा निकटचा संबंध होता.

शरीर स्वतःही कोलॅजेनच्या दोरांमध्ये आडबंध घालत असते. त्यासाठी एक खास विकर असते आणि त्याला काम करण्यासाठी तांब्याचा अंश लागतो. ही सांधणी नसती तर आपले कातडे आणि स्नायुबंध नुसत्या ताणानेच सैल पडले असते. तात्पर्य, प्रयोगशाळेत माणूस जे करतो, ते शरीराने आधीच केलेले आहे.

टाका का विरघळतो?

‘टाके काढायला यायचे नाही, ते आपोआप विरघळतील,’ असे डॉक्टर सांगतात. असा टाका पूर्वीपासून कॅटगट नावाच्या धाग्याने घालत आले आहेत. नावात ‘कॅट’ असले तरी मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यातले कोलॅजेन वेगळे काढून, पिळून हा धागा करतात.

साध्या कॅटगटची ताकद साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. वरवरच्या जखमेला तेवढे पुरते. पण खोलवरच्या जखमेला अधिक दिवस आधार हवा असतो. म्हणून तोच धागा क्रोमियमच्या क्षारात बुडवून ठेवतात. क्रोमियम कोलॅजेनच्या पदरांत आडबंध घालते आणि धागा दोन ते तीन आठवडे धरून राहतो. बूट-पाकिटांचे कातडे कमावणारे क्रोमियम आणि शल्यविशारदाच्या सुईतला धागा टिकवणारे क्रोमियम यांचे काम एकच!

इथेच या विद्येचा खरा पेच लक्षात येतो. चपलेचे कातडे जितके टिकेल तितके चांगले. टाक्याचे तसे नाही. जखम भरण्याआधी तो तुटला तर घात, आणि जखम भरून गेल्यावरही शरीरात अडून बसला तर त्रास. वैद्यकासाठी लागणारी गाठ नुसती घट्ट असून चालत नाही. ती किती दिवस घट्ट राहावी आणि केव्हा सुटावी, हेही ठरवावे लागते.

जबलपूरचे मणी

हा हिशेब मांडण्याचे काम ज्या भारतीय प्रयोगशाळांत झाले, त्यांतल्या दोन जबलपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातल्या आहेत. तिथल्या रसायनशास्त्र विभागात डॉ. ए. के. बाजपेयी व डॉ. एस. के. बाजपेयी यांनी आपापल्या विद्यार्थ्यांसह नैसर्गिक पॉलिमरवर अनेक वर्षे संशोधन केले.

त्यांतले एक काम समजायला सोपे आहे. अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशेवाळातून मिळणारे द्रव्य. त्याचे पाण्यातले घट्टसर द्रावण कॅल्शियमच्या द्रावणात थेंब थेंब सोडले, की प्रत्येक थेंबाचा लगेच लुसलुशीत मणी बनतो. अल्जिनेटच्या दोन साखळ्यांच्या वळणांत कॅल्शियमचे कण जाऊन बसतात, पुठ्ठ्याच्या खोक्यात अंडी बसावीत तसे. शास्त्रज्ञही या रचनेला ‘अंड्यांची पेटी’ असेच म्हणतात. या मण्यात औषध भरता येते. कवळीसाठी दातांचा साचा घेताना दंतवैद्य तोंडात जो लगदा धरायला सांगतात आणि जो पाहता पाहता रबरासारखा घट्ट होतो, तोही बहुधा अल्जिनेटचाच. त्यालाही कॅल्शियमच बांधते.

पण कॅल्शियमची गाठ तशी सैल. मिठाच्या पाण्यातले सोडियम तिला हळूहळू सोडवते आणि मणी फुगून विस्कटतो. कॅल्शियमच्या जागी बेरियम घातले तर पकड अधिक घट्ट होते. कॅल्शियम आणि बेरियम यांनी बांधलेले मणी कसे फुगतात आणि कसे विरतात, याचा अभ्यास डॉ. एस. के. बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ साली प्रसिद्ध केला. इथेही पेच आहेच. बेरियम मजबूत खरे, पण सुटे झालेले बेरियम शरीराला विषारी. म्हणजे गाठ मारणारा कोण, हे पाहिल्याशिवाय नुसत्या ताकदीवर निवड करता येत नाही.

दुसरे काम हिवतापाच्या औषधाशी संबंधित आहे. डॉ. ए. के. बाजपेयी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००६ साली जिलेटिनच्या अतिसूक्ष्म कणांत क्लोरोक्विन भरून ते हळूहळू कसे बाहेर सोडता येईल, यावरचा निबंध प्रसिद्ध केला. जिलेटिन म्हणजे उकळून मोकळे केलेले कोलॅजेन. नुसते ठेवले तर कोमट पाण्यात ते विरघळून जाईल. म्हणून ग्लुटाराल्डिहाइड या द्रव्याने त्यात आडबंध घालतात. बंध जास्त घातले, की कणाची जाळी दाट होते, पाणी आत कमी शिरते, कण कमी फुगतो आणि औषध सावकाश बाहेर पडते. बंध कमी केले, की औषध लवकर मोकळे होते. वरणात पाणी किती घालायचे हे जसे गृहिणीच्या हाती, तसे औषध किती वेगाने सोडायचे हे बंधांची संख्या ठरवणाऱ्याच्या हाती.

हे काम प्रयोगशाळेतले आहे. अशा सूक्ष्म कणांपासून रुग्णाच्या हातातल्या गोळीपर्यंतचा रस्ता लांबचा असतो. शिवाय हिवतापाच्या घातक प्रकारावर आता क्लोरोक्विन चालत नाही. त्यासाठी आर्टेमिसिनिन गटातली मिश्र औषधे देतात. पण ज्या शहराभोवतालच्या जंगलात हिवतापाने पिढ्या गांजल्या, त्याच शहरातल्या सरकारी कॉलेजात, विद्यार्थ्यांच्या हातून, या रोगाच्या औषधाचा असा विचार व्हावा, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हृदयाचे दार

आडबंधांनी माणसाचे प्राण वाचवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण हृदयाच्या झडपेचे आहे. डुकराच्या हृदयाची झडप किंवा गाईगुरांच्या हृदयाभोवतीचे आवरण वापरून माणसासाठी झडप करता येते. पण परके मांस शरीर सहन करत नाही आणि ते लवकर झिजते. फ्रान्समधील शल्यविशारद अलँ कार्पांतिए यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अशा झडपा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवायला सुरुवात केली. कोलॅजेनमध्ये पक्के आडबंध पडले, परकेपणाची खूण बरीचशी झाकली गेली आणि झडपा वर्षानुवर्षे टिकू लागल्या.

आपल्या देशात हा विषय घराघरांतल्या मुलांशी जोडलेला आहे. लहानपणी घसा दुखणे, ताप, सांधे सुजणे असे होऊन जाते आणि त्यातून सांधेहृदयदाह होतो. त्याची खूण पुढे तरुण वयात हृदयाच्या झडपेवर उमटते. झडप बदलायची वेळ आली, की कुटुंबापुढे दोन पर्याय येतात. एक, धातू व कार्बन किंवा प्लास्टिकची यांत्रिक झडप. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली अशी भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. ही झडप टिकते फार, पण रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. दुसरा पर्याय, प्राण्याच्या ऊतीची झडप. तिला सहसा जन्मभर त्या गोळ्या लागत नाहीत. पण ती साधारण दहा ते पंधरा वर्षांत निकामी होऊ लागते आणि वय जितके लहान तितकी लवकर. तिच्यात चुना साठतो आणि ती ताठर होते. आणि ज्या ग्लुटाराल्डिहाइडने तिला बळ दिले, तेच चुना साठायला हातभार लावते!

पंचविशीतल्या, मूल हव्या असलेल्या मुलीसाठी हा निर्णय किती अवघड असतो, याची कल्पना करावी. रक्त पातळ ठेवणारी प्रचलित गोळी गर्भाला अपाय करू शकते. आणि ऊतीची झडप घेतली तर पुन्हा एकदा छाती उघडण्याची वेळ येणार हे जवळजवळ निश्चित. नवरा, सासू, आई, भाऊ यांनी घाईने एकमेकांवर मत लादू नये. हृदयतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांसमोर बसून, त्या मुलीच्या तोंडून तिची इच्छा ऐकून हा निर्णय व्हायला हवा.

म्हणूनच शास्त्रज्ञ कमी विषारी गाठी शोधत आहेत. दारात लावतो त्या अनंताच्या झुडपाच्या फळांतून जेनिपिन नावाचे द्रव्य मिळते. तेही प्रथिनांत आडबंध घालते, आणि प्रयोगांत ते ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा पेशींना बरेच सौम्य ठरले आहे. गंमत म्हणजे प्रथिनाला भिडताच त्याचा रंग गर्द निळा होतो. गाठ पडली, हे डोळ्यांनीच दिसते.

भाजलेल्या अंगावर

स्टोव्ह, गॅस, उकळते पाणी यांनी भाजलेल्या रुग्णांत बायका आणि मुले किती असतात, हे सांगायला नको. खोल भाजले, की त्वचेचा सांगाडाच नाहीसा होतो. अमेरिकेत यान्नास आणि बर्क या जोडीने १९८१च्या सुमारास गाईच्या स्नायुबंधातले कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतले द्रव्य एकत्र करून, आडबंध घालून, स्पंजासारखा थर तयार केला. जखमेवर तो ठेवला, की आजूबाजूच्या पेशी त्यात शिरून नवी त्वचा बांधू लागतात आणि मूळ थर हळूहळू विरून जातो. घर बांधून झाले, की परांची काढावी तसे! भारतातही कोलॅजेनच्या पट्ट्या मिळतात, आणि पाझरणाऱ्या जखमांसाठी कॅल्शियम अल्जिनेटच्या पट्ट्या वापरतात. जखमेतला पाझर शोषून त्यांचा मऊ गर होतो. त्यामुळे पट्टी काढताना जखम ओरबाडली जात नाही.

पण सगळ्यांना महागडी पट्टी परवडत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी यावर काढलेले उपाय या ठिकाणी सांगितलेच पाहिजेत. डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून दाखवली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी तयार केली आणि २००३ साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, हे त्यातले मर्म. अर्थात हे उपाय रुग्णालयात, निर्जंतुक करून वापरायचे आहेत; घरी बागेतले पान तोडून लावायचे नाहीत. त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढीही सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत त्वचादान करता येते, आणि त्याने भाजलेल्या अनोळखी माणसाचा जीव वाचू शकतो.

घरी करायचे ते एवढेच. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, अंगठी-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काहीही लावू नये.

डोळ्यातला आडबंध

काही मुलांचा चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, तिरकस नंबर वाढतच जातो, चष्मा लावूनही अक्षरे दुहेरी दिसतात. डोळ्याचे पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येत असेल तर असे घडते. त्याचे कोलॅजेन सैल पडलेले असते. पूर्वी अशा डोळ्याची नजर घसरताना पाहत बसावे लागे आणि शेवटी नेत्ररोपण करावे लागे.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात वोलेनसाक, श्पोर्ल आणि झायलर यांनी यावर युक्ती काढली आणि २००३ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास घालायचे आणि मग अर्धा तास मोजून-मापून अतिनील किरण सोडायचे. किरणांमुळे ते जीवनसत्त्व जागे होते आणि पटलातल्या कोलॅजेनमध्ये नवे आडबंध पडतात. त्या पहिल्या अहवालात २३ डोळ्यांवर उपचार झाले होते आणि सर्वांमध्ये बिघाड वाढण्याचे थांबले. आता ही शस्त्रक्रिया भारतात अनेक शहरांतल्या नेत्र रुग्णालयांत होते.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा उपचार मुख्यतः बिघाड थांबवतो. गेलेली नजर पूर्ण परत आणत नाही. म्हणून तो वेळेवर व्हावा लागतो. दुसरे, ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांना डोळे जोराने चोळायची सवय लागते आणि ती या विकाराला खतपाणी घालते. मुलाला रागावण्याऐवजी खाजेवर उपचार करावा.

नको असलेल्या गाठी

आडबंध नेहमी हितकारकच असतात असे नाही. मधुमेहात रक्तातली जादा साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजते. हिमोग्लोबिन काही महिन्यांत बदलून जाते. कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षे तेच असते. त्याला चिकटलेल्या साखरेपासून पुढे आडबंध तयार होतात. रक्तवाहिन्या ताठरतात, खांदा आखडतो, बोटे पूर्ण सरळ होत नाहीत. अशा व्यक्तीने नमस्कारासाठी हात जोडले, तर दोन्ही तळहात व बोटे नीट जुळत नाहीत, मध्ये फट राहते. डॉक्टर या खुणेकडे मुद्दाम पाहतात. देवापुढे हात जोडताना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांत अशी फट दिसली, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. साखर तपासून घ्यावी.

दुसरे उदाहरण औषधांच्या कपाटातले. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. उष्ण आणि दमट जागी ते फार दिवस राहिले, तर त्यातही आडबंध पडू शकतात आणि ते पोटात वेळेवर विरघळत नाही. म्हणून कॅप्सूल स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत आणि मुदत संपलेल्या वापरू नयेत.

तीन प्रश्न

नैसर्गिक म्हटले की निर्धोक, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेवाळ, रेशीम, कोलॅजेन ही नावे ऐकली की माणूस निश्चिंत होतो. पण धागा नैसर्गिक असला, तरी गाठ मारणारे द्रव्य कोणते आणि ते नीट धुऊन काढले आहे का, यावर बरेच अवलंबून असते. शरीरात बसवायच्या किंवा टोचायच्या कोणत्याही वस्तूबद्दल म्हणूनच रुग्णाने आणि नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. हे कशापासून केले आहे? हे शरीरात किती दिवस टिकणार? आणि ते संपल्यावर पुढे काय?

पहिला प्रश्न ॲलर्जीसाठी महत्त्वाचा, तसाच श्रद्धेसाठीही. डुकराची किंवा गाईची ऊती वापरण्याला कुणाचा विरोध असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलेले बरे. पर्याय असू शकतात. दुसऱ्या प्रश्नाने पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या खर्चाचा आणि तयारीचा अंदाज येतो. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि पुढे ऐन वेळी धावपळ होते.

हे विचारायला शास्त्र शिकलेले असावे लागत नाही. सुताराकडून शिडी घेतानासुद्धा आपण पायऱ्या हलवून पाहतो आणि लाकूड कोणते ते विचारतो. ज्यावर घरच्या माणसाचा जीव चढणार आहे, त्या शिडीबद्दल तेवढे विचारायला संकोच कशाला?